कालव्यांचा खर्च बोटवाल्यांच्या माथी

महोदय,

इंग्लंडमधल्या कालव्यांवर आणि तिथल्या अरुंद बोटींमध्ये संसार थाटलेल्या लोकांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. छायाचित्रे देखणी आहेत. पण घरभाडे वाचवायला बोटीवर जाऊन राहिलेले लोक परवाना शुल्क चार पैशांनी वाढले की कांगावा करतात, असा लेखाचा एकूण सूर आहे, आणि तो हिशेबाला धरून नाही. म्हणून हे पत्र जरा लांबले तरी छापावे.

आधी मालकीचे पाहू. 1948 साली रेल्वेबरोबर बहुतेक कालवेही राष्ट्रीय मालकीचे झाले. 1963 पासून ब्रिटिश वॉटरवेज हे सरकारी मंडळ ते सांभाळत होते. जुलै 2012 मध्ये इंग्लंड आणि वेल्समधले हे जाळे 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट' या धर्मादाय संस्थेच्या हवाली झाले. स्कॉटलंडचे कालवे तिथल्या सरकारी संस्थेकडेच राहिले. म्हणजे लेखात म्हटले आहे तसे 'सरकारी कालवे खाते' आता तिथे नाही. ट्रस्टच्या पदरात सुमारे 2,000 मैलांचे जलमार्ग, दीड हजारांवर लॉक (बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर चढवणारी-उतरवणारी, दोन्ही टोकांना दारे असलेली कुंडे) आणि सत्तरच्या आसपास मोठे जलाशय आले. सोबत सरकारने मालमत्तांचा एक गुंतवणूक निधी दिला आणि 15 वर्षांच्या अनुदानाचा करार केला. ते अनुदान सध्या वर्षाला 5 कोटी 26 लाख पौंड आहे. मार्च 2027 पर्यंत महागाई कितीही चढली तरी आकडा तोच.

पुढच्या दहा वर्षांची घोषणा जुलै 2023 मध्ये झाली, आणि नाराजी समजून घ्यायची तर हीच घोषणा नीट वाचायला हवी. 2027-28 मध्ये 5 कोटी पौंड मिळतील आणि त्यानंतर दरवर्षी आधीच्या वर्षापेक्षा 5 टक्के कमी. 'दहा वर्षांत 40 कोटी पौंडांहून अधिक' असे ऐकायला भरघोस वाटते. बेरीजही बरोबर आहे. पण याच हिशेबाने दहाव्या वर्षी हाती पडणार 3 कोटी 15 लाख. महागाई वर्षाला 3 टक्के धरली तर त्या रकमेत 2027 च्या भावाने जेमतेम 2 कोटी 40 लाखांचे काम होईल. आधीच्या अनुदानाच्या तुलनेत दहा वर्षांत 30 कोटी पौंडांहून अधिक खरी घट होईल, असे ट्रस्टनेच सांगितले आहे.

आता बोटवाल्यांकडे वळू. ट्रस्टच्या पाण्यावर परवाना असलेल्या बोटी साधारण 35,000. त्यातल्या सात हजारांच्या आसपास बोटींना कायमचा ठिय्या, म्हणजे बोट बांधून ठेवायची ठरलेली जागा, नाही. त्यांना तिथे कंटिन्युअस क्रूझर म्हणतात. आपण फिरस्ते म्हणू. मूळ शुल्क गेली काही वर्षे सगळ्यांचेच वाढते आहे. शिवाय एप्रिल 2024 पासून फिरस्त्यांवर वेगळा अधिभार बसला. पहिल्या वर्षी 5 टक्के, आणि चढत चढत 2028 मध्ये 25 टक्के. रुंद बोटींवरचा अधिभारही टप्प्याटप्प्याने वाढवला आहे.

यातून उभे किती राहणार? समजा एका बोटीचे मूळ शुल्क वर्षाला 1,400 पौंड आहे. 25 टक्के म्हणजे 350. सात हजार बोटींचे मिळून साडेचोवीस लाख पौंड. इकडे 2027-28 वरून 2028-29 मध्ये जाताना अनुदान घटते ते 25 लाखांनी. पाच वर्षे चढवत नेलेला अधिभार पूर्ण दराने वसूल झाला, एकाही फिरस्त्याने बोट विकली नाही, एकानेही शुल्क थकवले नाही, तरी अनुदानाच्या एका वर्षाच्या घसरणीइतकेच पैसे जमतात. दुसऱ्या वर्षीच्या घसरणीला काय करायचे?

मुळात खर्च बोटींमुळे होतोच किती, हेही पाहायला हवे. आपल्याकडे कालवा म्हटला की उतारावर वाहते पाणी डोळ्यांसमोर येते. तिथले वाहतुकीचे कालवे म्हणजे सपाट पायऱ्यांसारखी, जवळजवळ स्थिर पाण्याची लांबच लांब तळी. एका पायरीवरून दुसरीवर जायला लॉक. पाणी येते माथ्यावरच्या जलाशयांतून, आणि बोट चढो वा उतरो, प्रत्येक वेळी लॉकभर पाणी खाली जाते. सात फूट रुंद लॉकमध्ये साधारण 1 लाख 20 हजार लिटर. हे सगळे उभे आहे दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या मातीच्या बांधांवर. पाणी अडवते ती आतली तुडवून घट्ट केलेली चिकणमाती.

या रचनेत सर्वांत महाग आणि सर्वांत न टाळता येणारा खर्च जलाशयांचा. 1 ऑगस्ट 2019 रोजी डर्बिशायरमध्ये व्हेली ब्रिज गावाच्या डोक्यावरच्या टॉडब्रुक धरणाच्या सांडव्याची काँक्रीटची लादी मुसळधार पावसात उखडली. खालचा मातीचा भराव वाहून जाऊ लागला. सुमारे 1,500 रहिवाशांना घरे सोडावी लागली आणि हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरमधून खडीच्या गोण्या खड्ड्यात टाकाव्या लागल्या. सरकारने नेमलेल्या चौकशीने मुख्य दोष सांडव्याच्या रचनेला दिला, आणि वर्षानुवर्षांच्या अधूनमधून होणाऱ्या देखभालीने तो बळावला असे म्हटले. सांधे उघडे पडतात, त्यांत झुडपे रुजतात, लादीखाली पाणी शिरते आणि लादी उचलली जाते. अशा सांडव्याचे मरण असेच येते. तिथे 1975 च्या कायद्याने मोठ्या जलाशयांची निदान दर दहा वर्षांनी स्वतंत्र अभियंत्याकडून तपासणी करावी लागते, आणि सुरक्षेसाठी तो जे सांगेल ते करावेच लागते. पैसे नाहीत, पुढच्या वर्षी बघू, असे म्हणायची सोय नाही. ते योग्यच आहे. पण त्यामुळे तिजोरीवर पहिला हक्क धरणांचा, आणि उरलेल्यात बाकी सगळे.

धरणाचे दुखणे कालव्याला दुसऱ्या बाजूनेही भोवते. दुरुस्तीसाठी जलाशय रिकामा केला की त्याच्या जिवावरचा कालवा कोरडा पडू लागतो. टॉडब्रुकचे पाणी पीक फॉरेस्ट कालव्याला जाते. ते वर्षानुवर्षे मिळाले नाही. त्यात 2025 चा कोरडा उन्हाळा आला आणि पीक फॉरेस्ट, मॅकल्सफिल्ड, लीड्स–लिव्हरपूल अशा कितीतरी मार्गांवर लॉकना कुलपे लागली. परवान्याचे पूर्ण पैसे भरून लोक एका ठिकाणी अडकून पडले. ज्याला हलायला पाणी नाही त्यानेच फिरस्त्याचा अधिभार भरायचा, ही गोष्ट कोणाला पटेल?

दुसरे दुखणे बांधांचे. कालवा फुटतो तो एका रात्रीत, पण तयारी बरीच आधी सुरू झालेली असते. भरावाखालून ओढ्याचे पाणी नेणारी विटांची जुनी मोरी असते. तिची वीट निसटली, किंवा बिजूंनी बांधात बिळे केली, झाडाचे मूळ कुजून पोकळी झाली, की पाण्याला वाट मिळते. बांधाच्या पायथ्याशी ओल दिसते. पाझर स्वच्छ असेल तर नोंद करून लक्ष ठेवता येते. तो गढूळ झाला की समजावे, पाणी आता मातीही घेऊन चालले आहे. आत पोकळी वाढते, तळ बसतो आणि मग काही तासांत अख्खा टप्पा, म्हणजे दोन लॉकमधला कालवा, रिता होतो. यात माणसाची चूकही असते. 2018 च्या मार्चमध्ये मिडलविचजवळ कालवा फुटला, तेव्हा लॉकच्या झडपा उघड्या राहून खालच्या टप्प्यात जास्तीचे पाणी आले आणि ते काठावरून सांडून बांध खचला, असा ट्रस्टचा निष्कर्ष होता. तो मार्ग खुला व्हायला डिसेंबर उजाडला. झडप पाडायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

तिसरा खर्च लॉकच्या दारांचा, आणि तो दिसतो म्हणून लोकांना कळतो. दार ओकच्या ओल्या, न वाळवलेल्या लाकडाचे. पाण्यातच राहायचे म्हणून. आयुष्य सुमारे 25 वर्षे. दीड हजारांवर लॉक आणि प्रत्येकाला सरासरी तीन दारे धरली, तर नुसती गाडी रुळावर ठेवायला वर्षाला पावणेदोनशे-दोनशे दारे बदलावी लागतील. दोन लॉक सारखे नसतात, त्यामुळे प्रत्येक दार मापाने बनते. ब्रॅडली आणि वेकफिल्डजवळच्या स्टॅन्ली फेरी इथे ट्रस्टचे त्यासाठी कारखाने आहेत.

बदलायचे काम नोव्हेंबर ते मार्च या थंडीच्या महिन्यांत उरकतात. पाणी अडवायला लॉकच्या वर आणि खाली दगडातल्या खाचांमध्ये फळ्या एकावर एक सोडायच्या. फटी बुजवायला जुना उपाय राखेचा: फळ्यांच्या पाण्याकडच्या अंगाला राख टाकली की पाणीच ती फटीत ओढून नेते. मग पंप लावून लॉक उपसायचा, पाणी उतरत असतानाच मासे पकडून दुसरीकडे सोडायचे. क्रेनने जुने दार उचलायचे. नवे बसवताना खरी कसोटी दोन जागी असते. दाराचा मागचा गोल खांब ज्या दगडी खोबणीत फिरतो तिथे तो सगळ्या उंचीवर टेकला पाहिजे, आणि खालची कड उंबऱ्यावर बसली पाहिजे. दोनशे वर्षांत दगड झिजलेला असतो, म्हणून जागेवर तासून, पुन्हा लावून, पुन्हा तासून बसवावे लागते. ज्या लॉकपर्यंत क्रेन जात नाही तिथे साखळीच्या कप्प्या आणि तराफे. तिथे खर्च कुठल्या कुठे जातो.

हे काम पुढे ढकलले की काय होते? दार गळते. सेकंदाला 5 लिटर ही काही फार मोठी गळती नव्हे, काठावरून जाणाऱ्याला ती दिसणारही नाही. दिवसाला ती 4 लाख 32 हजार लिटर होते, म्हणजे एकही बोट न जाता साडेतीन बोटींचे पाणी गेले. अशी तीन-चार दारे सलग असली की उन्हाळ्यात वरचा टप्पा सकाळी चिखलात बसलेला सापडतो. मग दुष्काळ म्हणून फलक लागतो. पाऊस कमी पडला हे खरेच असते, पण सगळे पाणी आभाळानेच चोरलेले नसते.

बोटवाल्यांच्या बाजूने दोष नाहीत असे नाही. दार हाताने रेटायचे सोडून बोटीच्या नाकाने ढकलणारे आहेत. झडपेचा हँडल काढून ती धाडकन पाडणारे आहेत, त्यात दातेरी पट्टी तुटते. दाराआड ओंडका अडकला असता जोर लावून सांधा निखळवणारेही आहेत. रुंद बोटीवरच्या अधिभारात तर मला तथ्य वाटते: चौदा फुटी लॉकमध्ये दोन अरुंद बोटी शेजारी-शेजारी बसून एकच लॉकभर पाणी वाटून घेतात, रुंद बोट ते एकटी वापरते आणि अरुंद मार्गात समोरून येणाऱ्याला थांबवते. फिरस्त्यांच्या अधिभाराला असा आधार सापडत नाही.

ट्रस्टचे म्हणणे असे की ठिय्या नसलेले लोक काठाचा आणि सोयींचा वापर जास्त करतात. पहिल्यांदा ऐकताना ते पटते. पण ठिय्या असलेली बोट जे भाडे देते ते बहुतेक वेळा खासगी बोटतळाच्या मालकाला देते. आणि फिरस्त्यांना ठिय्या नाही हा काही पळवाटेचा प्रकार नव्हे. 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या 17 व्या कलमाने परवान्यासाठी तीन अटी घातल्या: बोटीचे सुरक्षा प्रमाणपत्र, विमा, आणि तिसरी अट म्हणजे एक तर ठिय्या दाखवा, नाही तर बोट खरोखर प्रवासासाठी वापरा आणि एका जागी 14 दिवसांपेक्षा जास्त राहू नका, परिस्थितीनुसार वाजवी असेल तर त्याहून जास्त चालेल. संसदेने दोन्ही मार्ग एकाच ओळीत ठेवले आहेत. किती दूर जायचे हे कायद्यात नाही. वर्षभरात 20 मैलांहून कमी टप्प्यात फिरणाऱ्यांबद्दल आपले समाधान होणे अवघड, असे ट्रस्ट सांगते. मूल शाळेत जाणाऱ्या किंवा दवाखान्याच्या खेपा चालू असलेल्या कुटुंबाचा जीव तिथे टांगणीला लागतो. नॅशनल बार्जी ट्रॅव्हलर्स असोसिएशन ही फिरस्त्यांची संघटना अधिभाराला विरोध करते तो याच मुद्द्यावर. हा निव्वळ पैशाचा प्रश्न नाही, कायद्याने दिलेल्या जगण्याच्या पद्धतीवर लावलेला कर आहे, असे तिचे म्हणणे.

रोजच्या चिडीची कारणे मात्र याहून साधी आहेत. नळाला मिनिटाला आठ लिटर पाणी असेल तर 500 लिटरची टाकी भरायला तासाहून जास्त वेळ लागतो. मागे तिघे रांगेत. शौचाची 20 लिटरची पेटी दोन माणसांत तीन-चार दिवसांत भरते. ती रिकामी करायची जागा नादुरुस्त म्हणून बंद असेल तर पुढची दहा-बारा मैलांवर, वाटेत वीस लॉक. सुक्या शौचालयाचा पर्याय निवडलेल्यांना 2021 अखेर ट्रस्टने आपल्या कचराकुंड्या बंद केल्या. गाळ काढलेला नाही, त्यामुळे काठाशी बोट लागत नाही. दोन-अडीच फूट पाण्यात बुडणारी बोट उथळ जागी नेली की पंखा तळाखालचे पाणी ओढतो, मागचा भाग बसतो आणि इंजिन वाढवावे तसा वेग उलट घटतो. मग सगळ्या बोटी मोजक्या खोल जागांवर गर्दी करतात, आणि फिरस्ते जागा अडवतात म्हणून पुन्हा बोल त्यांनाच. 2018 मध्ये ट्रस्टने हंस आणि पुलाचे जुने चिन्ह टाकून नवे चिन्ह आणि जागोजाग निळे फलक आणले. त्याचा खर्च एकूण हिशेबात किरकोळ असेलही, पण बंद नळावर चकचकीत निळा फलक पाहिलेला माणूस तो हिशेब ऐकून घेत नाही.

कालव्यांचा खरा उपयोग कोणाला होतो, याचे उत्तर परवान्याच्या यादीत मिळत नाही. एकेकाळी घोडे बोटी ओढत ज्या काठावरून चालत, त्या टोपाथवर आज चालणारे आणि सायकलवाले एक पैसा देत नाहीत, आणि देऊही नये. गावांचे पावसाळी पाणी कालव्यात उतरते. टोपाथच्या खालून केबल गेल्या आहेत. ब्रिस्टल शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा ग्लॉस्टर–शार्पनेस कालव्यातून उचलला जातो. ग्रँड युनियन कालव्यातून मिडलंड्सचे पाणी आग्नेय इंग्लंडला न्यायची योजनाही पुढे सरकते आहे. पाणी कंपन्या आणि केबलवाले त्याचे पैसे देतात, ट्रस्टने हे उत्पन्न बऱ्यापैकी वाढवलेही आहे. पण बांध फुटू नये म्हणून जो खर्च होतो त्याचा लाभ बांधाखालच्या वस्तीला होतो, आणि तो पैसा अनुदानाशिवाय दुसरीकडून येत नाही. 2023 पासून 'फंड ब्रिटन्स वॉटरवेज' या आघाडीखाली बोटवाल्यांच्या संस्था हेच मागत आहेत. 1946 पासून कालव्यांसाठी भांडणारी इनलँड वॉटरवेज असोसिएशनही त्यात आहे. या एका मागणीवर ट्रस्ट आणि बोटवाले एकाच बाजूला उभे राहू शकले असते. अधिभाराने नेमकी तीच फळी फोडली. बांधाच्या पायथ्याची ओल आणि दाराची गळती सर्वांत आधी पाहतो तो तिथून रोज जाणारा बोटवाला, आणि तो फोन करेनासा झाला तर त्याची जागा घेणारा पगारी माणूस कुठल्या पैशातून ठेवणार?

एक दुरुस्तीही नोंदवतो. केन हिल इथल्या लॉकच्या रांगेच्या छायाचित्राखाली 16 लॉक असा उल्लेख आहे. तिथे एकूण 29 लॉक आहेत. 16 हे मधल्या खड्या चढावरचे, एकापाठोपाठ एक. त्यांच्या बाजूला दिसणारी रुंद तळी शोभेची नाहीत. दोन लॉकमधले अंतर इतके कमी आहे की लॉकभर पाणी साठवायला जागा उरत नाही, म्हणून टप्पे आडवे रुंदावले आहेत. तरीही पाणी पुरत नसे, त्यामुळे 1996 मध्ये तळाशी मोठा पंप बसवला. दिवसाला 3 कोटी 20 लाख लिटर पाणी तो परत माथ्यावर चढवू शकतो, आणि त्याच्या विजेचे बिल ट्रस्टच्या याच तिजोरीतून भरले जाते.

आपला,
एक नियमित वाचक
वेस्ट मिडलंड्स, इंग्लंड